लेकरांना सुर्वे मास्तर कसे सांगायचे

१५ ऑक्टोबर आला की शाळेत वाचन प्रेरणा दिन. कलामांचा फोटो, हार, दोन मुलांची भाषणं, मग सगळ्यांनी अर्धा तास पुस्तक उघडून बसायचं आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. २०१५ पासून दरवर्षी करतेय, तक्रार नाही. पण त्याच तारखेला कवी नारायण सुर्व्यांचाही जन्मदिवस असतो, हे फार जणांच्या ध्यानात नसतं. १५ ऑक्टोबर १९२६. म्हणजे २०२६ साली शंभर वर्षं. त्या निमित्तानं बऱ्याच शाळांत सुर्व्यांवर तास होतील, आणि ‘खडतर बालपण’ हे शब्द माइकवरून इतक्या वेळा येतील की ऐकणाऱ्याच्या कानाला घट्टे पडतील.

म्हणून हा तास मी कसा घेते ते लिहून ठेवतेय. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीला मराठी आणि इंग्रजी शिकवते. बालाघाटाच्या डोंगरातलं गाव, अर्धं गाव कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाणारं. तुमच्या वर्गात ऊसतोडीची लेकरं नसतील तर काही गोष्टी बदलून घ्या. वीटभट्टीवरची असतील, रसवंतीवर बसणारी असतील, आजीकडं ठेवलेली असतील. शोधली की सापडतात.

आधी माझी चूक सांगते. नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती. मी पाठ केल्यासारखी बोलत होते. रस्त्यावर सापडलेलं पोर, आईबापाचा पत्ता नाही, हॉटेलात कपबशा विसळल्या, गिरणीत राबलं, आणि बघा, पद्मश्री! कष्टाला पर्याय नाही! वर कोयत्याला जाणाऱ्या पोरांकडं बघून, “तुम्ही तर हे नीट ऐका रे,” असंही म्हणाले. मागच्या ओळीतून एक पोरगं उठलं आणि शांतपणे म्हणालं, “म्याडम, मंग म्या शाळेत कामून येऊ? कष्ट तर तिकडंच हायेत.”

वर्ग हसला. मी “बस खाली” म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्याच बोलण्याचा त्यानं सरळ हिशेब मांडला होता. नुसत्या कष्टानं माणूस मोठा होत असता तर त्याची आई एव्हाना साहित्य संमेलनाची अध्यक्ष व्हायला हवी होती. पंधरा दिवसांनी त्यांची गाडी गेली, पोरगं गेलं. मी हंगामभर ते वाक्य चघळत बसले.

तेव्हापासून ‘हालअपेष्टांमुळे मोठे झाले’ हे वाक्य मी वर्गात येऊ देत नाही. ‘हालअपेष्टा सोसूनही’ हे जरा बरं, पण तेही भाषणातलंच. त्याऐवजी पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहिते आणि चारही तास तो पुसत नाही: कुणी काय दिलं?

तास कधी घ्यायचा

दसऱ्याच्या आधी. १५ ऑक्टोबरची वाट बघत बसू नका, कार्यक्रम तेव्हा होऊ द्या. दसरा झाला की मुकादमांच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदारांच्या, चकरा सुरू होतात, उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेली असते, आणि कुठली टोळी कुठल्या कारखान्याला ते ठरलेलं असतं. एकदा का दारात ट्रॅक्टर लागला की पोरांचं चित्त वर्गात राहत नाही. चार तास सलग चार दिवस घ्या. एका दिवसात उरकायला गेलात तर ते पुन्हा भाषण होतं.

एका पानात मावेल एवढंच

पाठीमागे कितीही वाचा, वर्गात नेताना एकच पान न्या. माझ्या पानावर काय आहे ते सांगते.

मुंबईत रस्त्यावर टाकलेलं एक तान्हं बाळ गंगाराम कुशाजी सुर्वे या गिरणी कामगाराला सापडलं. त्यानं आणि त्याची बायको काशीबाई हिनं ते घरी नेलं, वाढवलं, त्याला नारायण म्हटलं, आपलं आडनाव दिलं, शाळेत घातलं. चौथीपर्यंत शाळा झाली. पुढं गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि कोकणात आपल्या गावी निघून गेले. जाताना पोराच्या हातावर दहा रुपये ठेवले. मग घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, हमाली, गिरणीतलं काम. त्यानंतर मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई. शिपाई असतानाच सातवीची परीक्षा दिली आणि मास्तर झाले. १९६२ ला ‘ऐसा गा मी ब्रह्म’, १९६६ ला ‘माझे विद्यापीठ’, १९७५ ला ‘जाहीरनामा’, १९८२ ला ‘सनद’. १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९९८ ला पद्मश्री. १६ ऑगस्ट २०१० ला गेले.

बस्स. यात पाऊस घालू नका, रात्र घालू नका, कुत्र्यांनी राखण केली असं काही घालू नका. बाळ सापडलं म्हटलं की आपल्याला वातावरणनिर्मिती करायची हुक्की येते. मीही पूर्वी “थंडीनं कुडकुडणारं” वगैरे म्हणायचे. एका पोरीनं विचारलं, “म्याडम, ऑक्टोबरात मुंबईला थंडी आसती व्हय?” तेव्हापासून बंद केलं.

मुलं पहिला प्रश्न आईचा विचारतात. दरवर्षी, न चुकता. “त्याची माय कोन व्हती?” उत्तर एका ओळीचं द्या: कुणालाच कळलं नाही, त्यांना स्वतःलाही कळलं नाही. आणि गप्प बसा. ही गप्प बसायची जागा महत्त्वाची आहे, कारण आपण बोललो नाही की मुलं बोलतात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी हळूच म्हणाली होती, “तिचं बी काय तरी आसंल ना.” मी एवढी पुस्तकं वाचून मला ते सुचलं नव्हतं.

प्रवेश अर्जाचा तास

चार तासांतला हा माझा आवडता. ऑफिसातून शाळेच्या प्रवेश अर्जाच्या कोऱ्या झेरॉक्स घ्या, पाच मुलांत एक. मुलांना सांगा, तुम्ही हेडमास्तर आहात, समोर गंगाराम एक पोरगं घेऊन उभा आहे, त्याचा अर्ज भरा.

ती पहिल्या रकान्यालाच अडकतात. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव. नारायण, बरं, पुढं? वडिलांचे नाव. आईचे नाव. जन्मतारीख. जन्मस्थळ. धर्म, जात. पेन हातात धरून पोरं एकमेकांकडं बघतात. जन्मस्थळाला एका गटानं ‘रस्ता’ लिहिलं, मग खोडून ‘मुंबई’ केलं. जन्मतारखेला मात्र सगळ्या गटांनी एका सुरात उत्तर दिलं: १ जून!

हे वाचणाऱ्या मास्तरांना हसू आलं असेल. आपल्याकडं निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असतो, कारण पोराला शाळेत आणलं तेव्हा गुरुजींना वय बसवायचं होतं आणि घरच्यांना एवढंच ठाऊक होतं की तो पोळ्याच्या मागंपुढं झाला. माझ्या वडिलांचा वाढदिवसही १ जून. म्हणून मुलांना सांगते, सापडलेल्या बाळाची तारीख कुणीतरी ठरवावी लागते, तशी तुमच्या आजोबांचीही ठरवलेली आहे. वर्ग एकदम सैल होतो. सुर्वे लांबचे राहत नाहीत.

जातीच्या रकान्याशी सांभाळून. तिथं एखादं पोर दुसऱ्याकडं बघून काहीतरी पुटपुटतंच. तो रकाना मी कोरा ठेवायला लावते आणि विचारते, “हा कोरा राहिला म्हणून अर्ज परत पाठवायचा का?” पोरं म्हणतात, नाही. एवढं पुरे. त्या मिनिटाला व्याख्यान देऊ नका.

मग सगळ्यांना वडिलांच्या रकान्यात ‘गंगाराम कुशाजी सुर्वे’ आणि आईच्या रकान्यात ‘काशीबाई’ लिहायला सांगा. आता अर्ज भरतो. ‘कुणी काय दिलं’ याच्याखाली पहिली ओळ इथं पडते. मोठी माणसं ‘आधार दिला’, ‘माया दिली’ असं लिहितील. मुलं बरोबर लिहितात: नाव दिलं, म्हणून शाळेत घेतलं. गिरणी कामगाराच्या घरात तेव्हा खाणारं आणखी एक तोंड म्हणजे काय, हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

दहा रुपये

दुसऱ्या दिवशी दहा रुपयांच्या नोटा न्या, गटाला एक. नाणं चालतं, पण नोट बरी. हातात धरली की पोरं गंभीर होतात. प्रश्न असा: तू दहा-बारा वर्षांचा, घर नाही, ओळख नाही, मुंबई आहे, हातात एवढे पैसे. आज रात्रीपर्यंत काय करशील?

त्या काळातल्या दहा रुपयांचे आजचे किती, या गणितात शिरू नका. तास त्यातच जातो.

आमच्या वर्गात पोस्टमनचं, किराणा दुकानदाराचं, अंगणवाडी ताईंचं अशी चार पोरं जरा सुस्थितीतली. एरवी हीच बोटं वर करतात. या प्रश्नाला ती गप्प. एकानं सांगितलं, “पोलिसाकडं जाईन,” आणि थांबला. दोन हंगाम उसाच्या फडात काढलेल्या पोरानं मात्र बसल्या जागेवरून सगळा बेत सांगितला. पैसे मोडायचे नाहीत. आधी चहाच्या हॉटेलात जायचं, मालक नाही म्हणाला तरी कपबशा उचलायला लागायचं, दोनदा नाही म्हणंल, तिसऱ्यांदा म्हणत नाही. जेवण तिथंच होतं. झोपायला दुकानाची पायरी, पण शटर उघडायच्या आधी उठायचं. नोट चड्डीच्या नाडीत. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाला, “कोणी न्हाई. दिसतं की.”

त्या दिवशी तो वर्गात पहिला आला. एवढं होऊ द्या, पण शर्यत लागू देऊ नका. पाच मिनिटांत पोरं ‘माझे हाल जास्त’वर येतात आणि मग थापा सुरू होतात. तिथं नोटा गोळा करायच्या. (मोजून घ्या. मी एकदा दहा रुपये घालवलेत. कुणाकडं गेले ते माहीत आहे, आणि विचारलं नाही.)

मग अवघड प्रश्न. गंगाराम वाईट होता का?

इथं वर्ग दोन भागांत फुटतो आणि फुटू द्यावा. “टाकून गेला” म्हणणारे आणि “ठेवून गेला” म्हणणारे. हे दोन शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. मराठीचा तास आहे, आणि याहून चांगला भाषेचा तास मला वर्षभरात मिळत नाही. भांडं टाकतात, भांडं ठेवतात, फरक काय? टाकलेल्याकडं परत येत नाहीत, एकीनं सांगितलं. ठेवलेल्याकडं येतात. मग ती थांबली. तिला आईवडील दरवर्षी आजीपाशी ठेवून जातात.

रडणारं एखादं निघतंच. पाणी प्यायला पाठवा, सोबत मैत्रीण द्या, आणि निकाल लावू नका. गंगाराम बरोबर की चूक हे मला सतरा वर्षांत ठरवता आलेलं नाही. उचललं त्यानंच, नाव दिलं त्यानंच, आणि एवढ्या पोराला मुंबईत एकटं सोडलं तेही त्यानंच. गिरणीची नोकरी संपली, गावाकडं जायचं, तिथं काय खायचं याचा घोर. आमच्या गावात दर कार्तिकात असे निर्णय घरोघर घेतले जातात आणि घेणारे काही राक्षस नसतात.

काय सोसलं ते नाही, काय ऐकलं ते

तिसरा तास कामांचा. घरगडी, हॉटेल, हमाली, गिरणी, शाळेतला शिपाई अशी कामं खाली-खाली लिहा आणि प्रत्येकापुढं विचारा: इथं त्याच्या कानावर काय पडलं असेल? ‘किती त्रास झाला’ विचारलं की मुलं “लय” म्हणतात आणि विषय संपतो. कानावर काय पडलं म्हटलं की हॉटेलातल्या ऑर्डरी येतात, गिरणीचा भोंगा येतो, संपाच्या घोषणा येतात, शाहिरांचे डफ येतात, पाचसहा तऱ्हेची हिंदी येते. शिपायाजवळ घंटा आणि सगळ्या वर्गांची दारं. पाणी घेऊन जाताना कुठल्याही वर्गाचा धडा ऐकता येतो. हे आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं, मी त्यांना त्या तासाला बोलावते. ते सांगतात, नववीचं भूगोल त्यांना अजून पाठ आहे.

इथं एक खासगी आठवण. १९९५ ला परभणीत संमेलन झालं तेव्हा मी शाळेत होते. वडील सरकारी कार्यालयात शिपाई. त्यांनी कधी कवितेचं पुस्तक हातात धरलेलं मी पाहिलं नाही, पण संमेलनाला मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले. गर्दीत आम्ही इतके लांब होतो की व्यासपीठावरचा माणूस अंगठ्याएवढा दिसत होता. अध्यक्ष काय बोलले यातलं मला ओ की ठो आठवत नाही. वडील मात्र शेजारच्या अनोळखी माणसाला तीनदा सांगत होते, “शिपाई होते बरं का ते. शाळेत.” जाताना सायकल जोरात मारत होते.

कवितेचं वाचन याच तासाला, शेवटच्या पंधरा मिनिटांत. ‘माझे विद्यापीठ’ मोठ्यानं वाचा, स्वतः वाचा, मोबाईलवर लावू नका. शब्दार्थ आधी देऊ नका. वाचून झाल्यावर विचारा, घरात ऐकलेले शब्द कोणते? रस्त्यावर ऐकलेले कोणते? पुस्तकातच भेटतात असे कोणते? तीन रकाने करा. पहिले दोन भराभर भरतात आणि मुलांना नवल वाटतं की असे शब्द कवितेत चालतात. लहानपणानं सुर्व्यांना काय दिलं ते त्या दोन रकान्यांत दिसतं. अश्रू मोजून ते दिसत नाही. ज्या माणसाला घरातली भाषा आयती मिळाली नाही, त्यानं गिरणगावात कानावर पडेल ती उचलली, आणि तिला कवितेत पायरीवर न बसवता पाटावर बसवलं. त्याआधीच्या कवितेत कामगार नव्हता असं नाही. पण तो बहुतेक वेळा कुणीतरी लांबून पाहिलेला असायचा.

आता या कवितेच्या नावाचा एक धोका आहे. ‘रस्ता हेच माझं विद्यापीठ’ म्हटलं की मागच्या ओळीतलं ते पोरगं पुन्हा उठून उभं राहतं: मग शाळा कशाला? याला माझ्याकडं आता उत्तर आहे, आणि ते माझं नाही, सुर्व्यांचंच आहे. रस्त्याला विद्यापीठ म्हणणारा हा माणूस शाळेत शिपाई असताना, हाताखाली घंटा असताना, मोठेपणी सातवीच्या परीक्षेला बसला. सगळं रस्त्यानंच शिकवलं असतं तर त्याला सातवी कशाला लागत होती? ती संधी त्याला हवी होती, लहानपणी हुकली होती, आणि मिळाली तशी त्यानं पकडली. पुढं लोक त्यांना कवी सुर्वे म्हणत तसंच सुर्वे मास्तर म्हणत, आणि दुसरं जास्त.

हे सांगून झाल्यावर फळ्यावरच्या यादीकडं बोट करा. नाव, शाळा, दहा रुपये, हॉटेलातलं जेवण, युनियनमधली माणसं, शाळेतली नोकरी, परीक्षा, घर सांभाळणारी बायको कृष्णाबाई. यातली एक ओळ खोडा आणि विचारा, आता पुढचं काय होतं? काशीबाई खोडली की सगळंच जातं. शाळेतली नोकरी खोडली की? पोरं वाद घालतात. घालू द्या, घंटा होईपर्यंत.

इंग्रजीच्या तासाला डिकन्स

जमलं तर. मी वीस मिनिटं देते. लंडन, १८२४. वडील कर्ज फेडू शकले नाहीत म्हणून त्यांना कर्जदारांच्या तुरुंगात टाकलं, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायला लागला. आठवड्याला सहा शिलिंग. इंग्लंडातलं काही समजावून सांगायची वेळच आली नाही. एकजण म्हणाला, “म्हंजे उचल फिटली न्हवती.” अगदी तेच.

पण डिकन्स मी दुसऱ्या कारणासाठी घेते. पुढं एवढा मोठा लेखक झाला, कादंबऱ्यांत पोरक्या आणि राबणाऱ्या लेकरांची रांग लावली, तुरुंगही आणला, पण कारखान्यातले ते दिवस त्यानं स्वतःच्या मुलांनाही सांगितले नाहीत. जॉन फॉर्स्टर या मित्राला सांगितले, आणि फॉर्स्टरनं लिहिलेल्या चरित्रातून ते डिकन्सच्या मृत्यूनंतर लोकांना कळले. सुर्व्यांनी जे उघड्यावर कवितेत मांडलं ते डिकन्सनं आयुष्यभर झाकून ठेवलं आणि दुसऱ्यांच्या नावानं लिहिलं. दोन्ही चालतं, हे मुलांनी ऐकायला हवं.

आणि आपणही. “आता तुमच्या आयुष्यातला असा प्रसंग सांगा पाहू” हे वाक्य या चार तासांत उच्चारू नका. पाहुणे आले, अधिकारी आले, आणि पोराला उभं करून “सांग, तू फडात काय करतोस” असं विचारलं जाताना मी पाहिलंय. ते पोर पुढं महिनाभर खाली मान घालून बसायचं. माझ्या वर्गात वहीचं शेवटचं पान माझं नसतं. तिथं काय लिहायचं ते लिहा, मी उघडणार नाही, सही करणार नाही. काही जण क्रिकेटच्या टीम लिहितात. लिहू देत.

जाणाऱ्यांच्या पिशवीत

चौथा तास पोरांचा, आणि निम्मा कागदपत्रांचा. ज्यांना मागं ठेवता येईल त्यांच्या घरच्यांना हंगामी वसतिगृहाचं सांगा. आईला सांगा, बापाला नव्हे. निर्णय बाप घेतो, पण आई ठरवते. खरा प्रश्न आजीचा असतो, रात्री पोराला कोण बघणार, म्हणून त्या बैठकीला म्हातारीलाच बोलवा आणि खुर्ची द्या. जे जाणारच त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसायला सांगा. बसतात सगळेच असं नाही.

शिवाय एक कोरी वही. त्यात फडातले शब्द लिहून आणायचे, अर्थासकट. लिहायचा कंटाळा असेल तर आईच्या मोबाईलवर बोलून पाठवायचं. गेल्या हंगामात आठवीतल्या एकीनं कर्नाटकाच्या हद्दीवरून रोज रात्री दोन-तीन शब्द पाठवले. मोळी. पाचट. वाढं. खेप. कोपी: उसाच्या पाचटाचं नाहीतर चटईचं घर, उभं राहिलं की डोकं लागतं. कोयता: नवराबायको मिळून एक. अर्धा कोयता: ज्याला जोडीदार नाही तो. शेवटच्या शब्दाच्या निरोपात मागं ट्रॅक्टरचा आवाज होता, आणि तिनं तो शब्द दोनदा म्हटला होता, जणू मला नीट ऐकू आलं नसेल. मी तो वर्गात लावला. कुणी हसलं नाही.

ती कवयित्री होईल असा माझा दावा नाही. तिला नर्स व्हायचंय.

१५ ऑक्टोबरचं काय

कार्यक्रम असतोच, तो नेहमीसारखा होऊ द्या. कलामांच्या फोटोशेजारी सुर्व्यांचा फोटो ठेवा. ऑनलाइन सेंटरवर काळापांढरा प्रिंट निघतो, तो पुठ्ठ्याला चिकटवा. पहिल्या वर्षी पुठ्ठा वाऱ्यानं सारखा पडत होता, मागं डस्टर लावलं. भाषण नको. ज्या मुलांनी अर्ज भरले त्यांच्यातल्या एकानं तो भरलेला अर्ज वाचून दाखवायचा, रकाना आणि त्यापुढचं उत्तर. जात: कोरी. दीड मिनिट लागतं. मागच्या वर्षी फोटो बघून चौथीतलं एक पोरगं म्हणालं, “हे तर आमच्या मामावानी दिसायलेत.”

शेवटचं काम हजेरीपटाचं. गाड्या गेल्या की काही जण सरळ लाल शाईनं आडवी रेघ मारतात, पट स्वच्छ दिसतो. मी मारत नाही. नावापुढं पेन्सिलनं ‘स्थ.’, म्हणजे स्थलांतरित, लिहिते, आणि रोज हजेरी घेताना ते नाव वाचून पुढं जाते. पहिले आठ दिवस मुलं “गेला म्याडम, गेला” असं ओरडतात, मग सवय होते. मार्च-एप्रिलात टोळ्या परततात, बहुतेक रात्रीच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर दारात येतं, हातावर उसाच्या पाल्याचे चिरे, केस वाढलेले. मी काही विचारत नाही. हजेरी त्याच क्रमानं घेते, त्याचं नाव आलं की ते “हजर” म्हणतं, आणि मी खोडरबर शोधते.